वाचकांचे प्रश्न : शॅमेलिऑनचा पाय

विदेशी सरडे पाळणाऱ्या वाचकांची पत्रं अलीकडे वाढली आहेत, आणि त्यातली बरीच एकाच तक्रारीची आहेत: पाय उचलून धरतो, फांदी सोडतो, लंगडतो. त्यातल्या सात पत्रांची उत्तरं या वेळी देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. घरातल्या शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, पाय मोडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा पडण्याचा नसतो, पिंजऱ्यातल्या दिव्याचा आणि खाण्याचा असतो. म्हणून उत्तरांमध्ये पट्टीपेक्षा दिव्याविषयी जास्त वाचायला मिळालं तर नवल वाटू देऊ नका.

माझ्याकडे आठ महिन्यांचा नर व्हेल्ड शॅमेलिऑन आहे. चार दिवसांपासून पुढचा उजवा पाय वर धरतो, कोपराच्या वर सूज आहे. पडलेला कोणी पाहिला नाही. काचेच्या टाकीत ठेवलाय, वर ६० वॅटचा साधा बल्ब आहे, खायला मीलवर्म देतो. आई म्हणते हळद-चुना लाव. इथं सरडा तपासणारा डॉक्टर मिळेना. काय करू? – एक वाचक, लातूर

हळद-चुना लावू नका. ओला चुना जबरदस्त अल्कधर्मी असतो, माणसाच्या जाड कातडीला सोसतो, सरड्याची पातळ कातडी भाजते. शिवाय लेप वाळला की त्याचं वजन त्या दुखऱ्या पायालाच ओढतं.

तुमच्या पत्रात आजाराची निम्मी हकीकत आलेली आहे. साध्या बल्बमधून उष्णता मिळते, उन्हात असतात ते यूव्हीबी (अतिनील) किरण मिळत नाहीत. ते नसले की त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरत नाही. त्यात मीलवर्ममध्ये, म्हणजे पिठातल्या भुंग्याच्या अळ्यांमध्ये, फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. मग शरीर रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. आठ महिन्यांचं, वाढीच्या वयातलं जनावर आहे, हाडं आतून पोकळ आणि मऊ होत जातात. असं हाड मोडायला पडावं लागत नाही, फांदी घट्ट धरून वळताना स्वतःच्याच जोराने मोडतं.

आता दुखरा पाय सोडून बाकीचे तीन नीट बघा. कोपर ते मनगट हा भाग सरळ आहे की धनुष्यासारखा वाकलाय? चालताना पोट फांदीला घासतं का? तोंड मिटल्यावर खालचा जबडा वरच्याशी जुळतो का? जीभ नेम चुकते किंवा बाहेर लोंबते का? यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तर हाडांचा आजार धरूनच चला. जबडा दाबून मऊ आहे का हे पाहू नका, त्यातच तो मोडल्याची उदाहरणं आहेत.

आजच करायचं ते असं. उंच टाकीतून काढून त्याला साधारण ४५ सेंटीमीटर उंचीच्या, जाळीच्या बाजू असलेल्या पिंजऱ्यात ठेवा. तळाशी दुमडलेला जुना टॉवेल, त्यावर कागद. कागद रोज बदला. फांद्या आडव्या बसवा, तळापासून १५ सेंटीमीटरच्या वर एकही नको. फांदीची जाडी अशी घ्या की त्याच्या पंजाचे दोन्ही चिमटे तिच्याभोवती जवळजवळ पूर्ण वळतील. गुळगुळीत पाइप किंवा प्लॅस्टिकच्या कांड्या नकोत, बोर-बाभळीच्या काटे काढलेल्या, साल असलेल्या फांद्या उत्तम पकड देतात. एका बाजूला मनीप्लांटची किंवा जास्वंदीची कुंडी ठेवा. आडोसा नसेल तर हे जनावर दिवसभर ताणात राहतं आणि खात नाही.

दिव्याचं अंतर नव्याने मोजा. पिंजरा बुटका झाला की बल्ब पाठीजवळ येतो आणि लंगडं जनावर उष्णता असह्य झाली तरी चटकन सरकू शकत नाही. भाजलेल्या पाठीचं हे नेहमीचं कारण. जिथे त्याची पाठ येणार त्या उंचीवर थर्मामीटरचं टोक ठेवून २९ अंश सेल्सिअस दिसेपर्यंत बल्ब वर घ्या. दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश पुरेत. यूव्हीबीसाठी टी-५ प्रकारची लांब ट्यूब घ्या, छोटा गुंडाळलेला बल्ब नको, त्याचा पट्टा फार अरुंद पडतो. दिवसाला १२ तास. ट्यूब आणि जनावर यांच्यामध्ये काच किंवा अॅक्रिलिक अजिबात नको, यूव्हीबी तिथेच अडतो. प्रकाश दिसत राहिला तरी यूव्हीबी उतरत जातो, म्हणून ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहून ठेवा आणि वर्षाने बदला.

पाणी भांड्यात ठेवून उपयोग नाही, शॅमेलिऑन पानावरचे थेंब चाटतो. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, पाण्याची बाटली वर टांगा, चाकी फिरवून दोन सेकंदांना एक थेंब पानावर पडेल असं लावा. खाली वाटी ठेवायला विसरू नका, नाहीतर टॉवेल ओला राहून पंजे कुजतात. खाणं अपारदर्शक प्लॅस्टिकच्या खोल पेल्यात द्या आणि पेला त्याच्या तोंडासमोर, जिभेच्या टप्प्यात, फांदीच्याच उंचीवर बांधा. आतल्या बाजूला जाळीचा तुकडा लावला की किडे वर चढतात आणि त्याला दिसतात.

आइस्क्रीमची काडी बांधून पाय सरळ करण्याचा मोह होईल, तो आवरा. शॅमेलिऑनच्या पुढच्या पंजात आतल्या बाजूला तीन आणि बाहेरच्या बाजूला दोन बोटं जुळलेली असतात. काडीने हा चिमटा उघडा राहिला की तोल जातो आणि धड पायही मोडतो. डॉक्टर पुढचा पाय अंगालगत दुमडून मऊ पट्टीने धडालाच बांधतात, तेही हाड कुठे आणि कसं मोडलंय हे पाहिल्यावर.

दुखण्यावर माणसाची गोळी देऊ नका. हिशेब करून बघा: तुमच्या नराचं वजन १५० ग्रॅम धरू. मेलॉक्सिकॅम या औषधाची सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नेहमीची मात्रा किलोला ०.२ मिलीग्रॅम, म्हणजे त्याला ०.०३ मिलीग्रॅम. मेडिकलमधली साडेसात मिलीग्रॅमची एक गोळी म्हणजे त्याच्या २५० मात्रा. गोळीचा ‘चिमूटभर चुरा’ हे माप इथे चालत नाही.

डॉक्टरांसाठी उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, दुसरं परभणीला. आधी फोन करून एक्स-रेची वेळ विचारा आणि फक्त पायाचा नको, अख्ख्या अंगाचा, वरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढून मागा. हाडं मऊ झाली असतील तर कणा आणि जबडाही फिकट दिसतो, उपचार त्यावरच ठरतो. सोबत पिंजऱ्याचे, दिव्याचे आणि खाण्याचे फोटो न्या. कॅल्शियमचं औषध वजनावर ठरतं, तेव्हा सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घेऊन दर आठवड्याला वजन लिहा. हाड जुळायला सहा ते दहा आठवडे धरा, हाडं फार मऊ असतील तर त्याहून जास्त. हाड कातडीबाहेर आलंय, बोटं काळी किंवा गार पडलीत, किंवा दिवसा डोळे मिटून बसतो आणि ते खोल गेलेत, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा.

जाता जाता: व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा, साइटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतला प्राणी. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याने सांगितलं नसेल तर आता करून घ्या.

कापूस वेचताना घोयरा सरडा सापडला. पोरांनी दगडं मारलेली, मागच्या पायाला जखम आहे, रक्त वाळलंय. बरा होईस्तोवर घरी ठेवावा म्हणतो, जमलं तर पाळावाच. हा विषारी असतो म्हणतात, खरं का? – शेतकरी वाचक, गेवराई

विषारी अजिबात नाही. तोंड वासतो, फुगतो, फुसफुसतो, फार तर चावून चिमटा काढतो, एवढंच.

पाळता मात्र येणार नाही. हा आपला देशी शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, आणि उपचाराच्या हेतूनेही घरात ठेवून घेणं गुन्ह्यात बसतं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, गाव, गट नंबर आणि सापडल्याची वेळ सांगा. कुठल्या बांधावर सापडला ते नक्की लिहून ठेवा, बरा झाल्यावर तो तिथेच सोडायचा असतो.

माणसं येईपर्यंत बुटाचा खोका घ्या. झाकणाला पेन्सिलने भोकं पाडा, तळाला सुती कापड, खोका सावलीत. आता जखम उजेडात धरून बघा. शेतात पडून राहिलेल्या जखमी सरड्याला मुंग्या लागतात, आणि माशीने अंडी घातली असतील तर जखमेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे बारीक पांढरे पुंजके दिसतात. ते चिमट्याने किंवा ओल्या कापसाच्या काडीने लगेच काढा, कारण उष्ण हवेत एका दिवसात त्यांच्या आळ्या होतात. बैलाच्या जखमेत आळ्या पडल्यावर टर्पेंटाइन ओततात, तसं इथे करायचं नाही, एवढ्याशा जिवाला त्याची वाफही सोसत नाही. नॉर्मल सलाईनने जखम धुवा. मग बीटाडिनचं औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने टिपून घ्या. खायला काही घालू नका. तोंडात पाणी ओतू नका, फार तर नाकाच्या टोकाशी एक-दोन थेंब सोडा, त्याला हवं असेल तर तो चाटेल.

कापूस वेचणीच्या दिवसांत जमिनीवर दिसणारा घोयरा बऱ्याचदा अंडी घालायला उतरलेली मादी असते. पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं वाटलं तर पोटाखाली हात घालून दाबून उचलू नका, काठी पुढे करा, ती स्वतः चढेल. वन कर्मचाऱ्यांनाही हे सांगा.

रोज सकाळी गच्चीवर ऊन दाखवतो, मग महागडी ट्यूब कशाला? डॉक्टरांनी पाय बांधलाय, पण ट्यूब घ्याच म्हणतात. – परभणी

ऊन ट्यूबपेक्षा सरसच, यात वाद नाही. प्रश्न वेळेचा आणि उष्णतेचा आहे. सकाळी साडेसहाच्या कोवळ्या उन्हात यूव्हीबी नगण्य असतो, आणि मे महिन्यात तो पुरेसा होईस्तोवर परभणीची गच्ची तापलेली असते. उन्हाळ्यात आठ ते नऊच्या दरम्यान वीस मिनिटं, डिसेंबरात दहा-साडेदहानंतर अर्धा तास, असं धरा. खिडकीच्या काचेआडून दाखवलेलं ऊन हाडांच्या कामाचं नाही.

पोपटाचा पिंजरा वापरा, अर्ध्यावर गोणपाट टाका म्हणजे सावलीत जायला वाट राहील. पट्टी बांधलेला असेल तर ती वाट जमिनीच्या पातळीवर, आडव्या फांदीने जोडलेली हवी. त्याच्या रंगाकडे बघत राहा: गार असताना तो गडद होऊन चपटी कूस उन्हाकडे करतो, नेमका तापला की खुलतो, आणि फिकट पडून तोंड उघडं ठेवायला लागला तर एक मिनिटही न थांबता आत न्या. कावळे आणि मांजर आहेतच, पिंजरा सोडून खाली जेवायला जाऊ नका.

पाय जुळेपर्यंत मात्र रोजचा यूव्हीबी हवा. आभाळ, पाहुणे, परीक्षा यांत ऊन चुकतं, ट्यूब चुकत नाही. लोडशेडिंगमध्ये तासभर ट्यूब गेली तरी बिघडत नाही. हिवाळ्याच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पिंजऱ्यावर घोंगडी टाकून एक बाजू हवेला मोकळी ठेवा.

आमच्याकडे जालन्यात रेशीम कोषांचा बाजार आहे, ओळखीच्या शेतकऱ्याची तुतीची बाग आहे. शॅमेलिऑनला रेशीम अळ्या चालतील का? आणि कॅल्शियम म्हणून पानाचा चुना दिला तर? – जालना

अळ्या चालतीलच, मराठवाड्यातल्या पाळणाऱ्यांना ही सोय असून कोणी वापरत नाही याचंच आश्चर्य वाटतं. रेशीम अळी मऊ असते, ओलावा भरपूर, कठीण कवच नाही. जबडा दुखरा असलेलं जनावरही ती सहज खातं. पण संगोपनगृहातली अळी थेट उचलून देऊ नका. तिथे रोग येऊ नये म्हणून कात टाकल्यावर अळ्यांवर चुना आणि जंतुनाशक भुकटी धुरळतात. शेतकऱ्याकडून भुकटी न मारलेल्या, दुसरी-तिसरी कात टाकलेल्या अळ्या मागून आणा आणि फवारणी न झालेल्या तुतीच्या पाल्यावर दोन दिवस घरी वाढवा. पिवळसर, फुगलेली, हात लावताच फुटेल अशी किंवा काळवंडून ढिली पडलेली अळी रोगट असते, टाकून द्या. आकार सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या रुंदीपेक्षा जाड नको. नुसत्या अळ्यांवर ठेवू नका, आठवड्यातून निम्म्या वेळा विकतचे रातकिडे द्या. सोयाबीनमधले नाकतोडे नकोत, फवारणीचं औषध त्यांच्या अंगावर असतं.

चुना नको. तोंड आणि जीभ भाजेल. साधी, ड-३ नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच-सहा किडे, चिमूटभर पूड, एकदा हलवा आणि लगेच द्या. किडा पांढराफटक नको, पीठ लागल्यासारखा दिसला की झालं. हे प्रत्येक खाण्याला. ड-३ असलेली पूड पंधरा दिवसांतून एकदाच, कारण ते जास्त झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. माणसाच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत बहुधा ड-३ मिसळलेलंच असतं, म्हणून त्या कुटून देऊ नका. अंड्याच्या टरफलाची पूड रसायन म्हणून तीच, पण मिक्सरमध्ये कितीही फिरवली तरी भरड राहते आणि किड्याला चिकटत नाही.

एक वर्षाची मादी आहे, नर कधीच नव्हता. पोट फुगलंय, मागचे पाय ओढते, सारखी तळाशी उतरून कोपरे खाजवते. पाय मोडला असेल का? – छत्रपती संभाजीनगर

पायाआधी अंड्यांचा विचार करा. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, ती फलित नसतात, पण घालावी लागतातच. खाजवणं म्हणजे खड्ड्यासाठी जागा शोधणं. जागा न मिळाल्यास ती अंडी आत अडवून धरते, आणि अंड्यांच्या कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम ओढलं गेल्याने मागचे पाय आधी लुळे पडतात.

निदान ३० सेंटीमीटर खोल बादली घ्या, धुतलेली वाळू ओली करून भरा. बोटाने बोगदा केला तर ढासळू नये इतकी ओल हवी. बादली पिंजऱ्यात ठेवा, तळापर्यंत उतरायला तिरकी फांदी लावा आणि पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर घाला. तिला कोणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते. दोन दिवसांत खणलं नाही, किंवा खणूनही अंडी न घालता मलूल पडली, तर एक्स-रे आणि डॉक्टर, तिसरा दिवस बघू नका. अंडी घातल्यावर पायांत जोर परतला नाही तरच मोडल्याचा संशय घ्यायचा. पुढच्या खेपेला अंडी कमी व्हावीत म्हणून मोठ्या मादीला दिवसाआड तीन-चार किडे आणि तळपत्या बल्बखाली २७ अंश, एवढंच ठेवा. भरपूर खाणं आणि जास्त ऊब यांनीच अंड्यांची संख्या वाढते.

कात निघाली, पण एका बोटाभोवती पांढरी कडी राहिली. बोट सुजलंय. ओढून काढू का? – नांदेड

ओढू नका. पंज्याभोवती कोमट पाण्यात भिजवलेला गॉजचा तुकडा दहा मिनिटं धरा, मग ओल्या कापसाच्या काडीने कडी बोटाच्या टोकाकडे लोटत न्या. निघाली नाही तर संध्याकाळी पुन्हा. सुजेच्या पुढचा भाग जांभळा किंवा काळा झाला असेल तर रक्त थांबलंय, डॉक्टरांकडे जा. आणि पिंजऱ्याला जीआयची कापलेली जाळी असेल तर कडा तपासा, नखं त्यातच अडकून उपटली जातात. बोअरचं क्षाराचं पाणी फवारत असाल तर ते बंद करून फिल्टरचं वापरा, क्षार साचून फवारणीचं तोंड बंद होतं, पिंजरा कोरडा राहतो आणि कात अशी अडकते.

मागचा पाय सडला म्हणून डॉक्टर कापायला सांगतात. तीन पायांवर जगेल का? पुन्हा उगवतो का? – धाराशिव

उगवत नाही. शॅमेलिऑनची शेपटीही तुटली की परत येत नाही, पालीची गोष्ट वेगळी. पण तीन पाय आणि पकड घेणारी शेपटी यांवर तो चांगला जगतो, सडका पाय ठेवून मात्र जगत नाही, कारण संसर्ग रक्तात उतरतो. डॉक्टरांनी पाय मांडीच्या वरून, खुब्यापाशी कापायचं ठरवलं तर घाबरू नका. अर्धा ठेवलेला थोटका फांदीवर टेकवायची त्याला सवय जात नाही आणि तिथे पुन्हा पुन्हा जखम होते.

नंतरच्या पिंजऱ्यात फांद्या दाट बांधा, दोन फांद्यांमधलं अंतर त्याच्या धडाच्या निम्म्याहून जास्त नको. उंची दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी वाढवा, तो शेपटीचा वेढा घालून उतरायला शिकला की मग पुढची. उरलेल्या मागच्या पंज्यावर सगळा भार येतो, त्याच्या तळव्याला रोज उजेडात बघा: लाल चकती किंवा खपली दिसली तर फांदी बदला, वेगवेगळ्या जाडीच्या लावा. आणि टाके लवकर काढायला लावू नका. कुत्र्या-मांजराचे दहा-बारा दिवसांत निघतात, सरड्याच्या कातडीला सांधायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पिंजऱ्यात फवारणी जखमेच्या बाजूला नको, पलीकडच्या पानांवर करा.